बाबांनी लग्नपत्रिका समजून एपीके फाइल इन्स्टॉल केली, पैसे गेलेले नाहीत. तरी काही करावं लागेल का?

ओळखीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, बाबांनी ती इन्स्टॉल केली, पत्रिका काही दिसली नाही आणि खातंही शाबूत आहे, मग वाट बघायची का, असं तुम्ही विचारलंय. वाट बघू नका. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, आणि पत्रिकेच्या नावाने आलेलं असं ॲप पैसे चोरण्यासाठीच असतं. आधी त्या फोनमधलं सिमकार्ड काढा आणि वाय-फाय बंद करा. दोन सिम असतील तर दोन्ही काढा. मग पुढचं वाचा.

सिमवर एवढा भर का, तर सगळा डाव त्याच्यावरच आहे. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना त्या फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो. तो ज्या नंबरावरून आला, त्यावरून बँक खातेदार ओळखते. या फाइलने इन्स्टॉल होताना एसएमएस पाठवण्याची आणि वाचण्याची परवानगी मागितली असणार आणि बाबांनी ती दिली असणार. आता चोर स्वतःच्या फोनवर यूपीआय ॲप उघडतो आणि नोंदणीचा तो एसएमएस बाबांच्या फोनमधून पाठवून घेतो. बँकेच्या लेखी बाबांनी फोन बदलला. ओटीपी विचारायला कोणाचा फोन येत नाही, कारण ओटीपी आल्याआल्या चोराकडे पोचतो. म्हणून 'काहीच झालं नाही' यावर विसंबू नका.

एक गोष्ट बाबांना शांतपणे विचारा: पत्रिका उघडण्यासाठी कुठे काही भरलं का? यूपीआय पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत लागते, किंवा आधारचा ओटीपी. हीच माहिती अशी ॲप 'ओळख पटवा' किंवा 'एक रुपया भरा' म्हणून काढून घेतात. घरात आरडाओरडा झाला तर वडीलधारी माणसं 'काही नाही भरलं' म्हणून मोकळी होतात आणि नेमकं हेच लपतं. त्यांची चूक काढायला पुढे भरपूर वेळ आहे.

आता दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर डेबिट कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. गूगलवर शोधून घेऊ नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. नुसतं 'कार्ड ब्लॉक करा' म्हणून भागत नाही. यूपीआय, नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग आणि कार्ड चारही बंद करायला सांगा, जमल्यास खात्यातून पैसे जाणंच थांबवायला सांगा. शिवाय दोन प्रश्न आवर्जून विचारा: मुदत ठेव ऑनलाइन मोडली आहे का, आणि आमच्या नावावर झटपट कर्ज मंजूर झालंय का? बचत खात्यात पाच हजार आहेत म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि ठेवीवर हात पडलेला असतो. ज्या ज्या बँकांत हा मोबाइल नंबर नोंदवला आहे, त्या सगळ्यांना कळवा. तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवा.

वेळ का लिहायची? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. एपीके स्वतःच इन्स्टॉल केली असल्यामुळे बँक निष्काळजीपणाच दाखवणार, तेव्हा तक्रारीचं मिनिटसुद्धा मोलाचं. पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवलं, तर ती तिथेच गोठवता येते.

सिम एखाद्या साध्या कीपॅडच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तुम्हाला दिसतील. त्यावर *#२१# लावून कॉल फॉरवर्डिंग तपासा, म्हणजे बाबांचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेत का ते कळेल, कारण काही ओटीपी फोन कॉलवरही ऐकवले जातात. चालू दिसलं तर ##००२# लावा. तेवढ्याने बंद झालं नाही तर सिम कंपनीच्या कस्टमर केअरकडून करून घ्या.

मग नातेवाइकांकडे वळा. बाबांकडे ही फाइल जशी ओळखीच्या नंबरावरून आली, तशी ती आता बाबांच्या नावाने भावकीच्या ग्रुपवर गेलेली असू शकते. तुमच्या फोनवरून सगळ्यांना कळवा. बाबांचं व्हॉट्सॲप पुन्हा सुरू कराल तेव्हा 'लिंक केलेली डिव्हाइस' मध्ये जाऊन अनोळखी सगळी काढा आणि टू-स्टेप पिन लावा.

फोन साफ करायचा तर माझं स्पष्ट मत: फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं. नुसतं अनइन्स्टॉल करण्यावर भरवसा ठेवू नका. पहिली फाइल बऱ्याचदा 'अपडेट' म्हणून दुसरं ॲप आत आणते, त्याचं चित्र स्क्रीनवर नसतं आणि डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा, अधिकार घेतला असेल तर अनइन्स्टॉलचं बटण दाबलंच जात नाही. फोटो केबलने संगणकावर उतरवा, मग रीसेट करा. गूगल, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलाल ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. बाधित फोनवर बदललेला पासवर्डही चोराला दिसू शकतो. रीसेटनंतर चॅटमधली ती फाइल आधी पुसा, नाहीतर पुन्हा तीच उघडली जाईल.

सगळं मार्गी लागलं की बाबांच्या शेजारी बसून दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' असं शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या तिन्हींसमोरचा स्विच बंद करा. मग व्हॉट्सॲपवर आलेली एखादी खरी पत्रिका उघडून दाखवा: फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरात आकार आणि प्रकार असतो. पीडीएफ असेल तर ती वाचायची फाइल. फोटो किंवा व्हिडिओ तर चॅटमध्येच दिसतो. तिथे एपीके लिहिलेलं असेल, तर ते ॲप आहे, मग वर लग्नपत्रिका लिहिलेलं असो, आरटीओचं चलान असो की पीएम किसानची यादी. लांब नाव मध्येच कापलं जातं, म्हणून नाव न वाचता खालची ती बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.