ऑपरेशन पुढे ढकललं, थांबायचं का?

प्रश्न: बाबा 74 वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. चार महिन्यांत वजन 62 वरून 54 किलोवर आलं. सर्जन म्हणतात आधी दोन आठवडे नीट खाऊ घाला मग ऑपरेशन, इकडे काका रोज फोन करून ओरडतात की गाठ वाढेल, थांबताय कशाला. कोणाचं ऐकू?

उत्तर: सर्जनचं. 8 किलो म्हणजे जवळपास 13 टक्के वजन गेलं, सहा महिन्यांत 10 टक्क्यांच्या वर गेलं की धोका मोठा धरतात आणि कॅन्सर असला तरी 7 ते 14 दिवस पोषण देऊन मगच ऑपरेशन करतात. आतडं कापून जोडतात ना, तो जोड भरायला प्रोटीन लागतं, ते नसलं की जोड लीक व्हायची, इन्फेक्शनची भीती वाढते आणि या वयात स्नायू झडले की माणूस पलंगावरून लवकर उठत नाही. हां, आतडं पूर्ण बंद झालं किंवा खूप रक्त जात असेल तर थांबता येत नाही.

प्रोटीन दिवसाला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे बाबांना साधारण 65 ते 80. पेज आणि नारळपाण्यावर हे होत नाही (आपल्याकडे आजारी माणूस दिसला की पहिली पेजच!). अंडी, पनीर, दही, मासे, घट्ट वरण, थोडं थोडं पण पाच-सहा वेळा द्या, कमी पडलं तर प्रोटीन पावडर. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांनाच विचारा. आणि रक्ततपासणीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी आलं म्हणून सलाईनमधून द्या असा हट्ट नको, आजारातल्या सुजेनेही ते खाली येतं, बाटलीने पोषण होत नाही.