आधी साल बघा, मग नायिका

चिनी नाटकं नव्यानं वाचायला घेताय, तर वू त्सेतियानपासून सुरुवात करा. चीनच्या इतिहासात स्वतः सम्राट म्हणून गादीवर बसलेली ही एकमेव बाई (इ.स. 690 ते 705). शतकानुशतकं तिला कपटी, क्रूर म्हणूनच रंगवलं गेलं. चिनी लेखक कुओ मोरुओनं 1960च्या नाटकात मात्र तिला कर्तबगार, प्रजेची काळजी वाहणारी राज्यकर्ती केलं.

लगेच नाटककार तियान हानचा 1961चा पेकिंग ऑपेरा (चीनचं पारंपरिक संगीत नाटक) ‘श्ये याओह्वान’ घ्या. गादीवर वू आहेच, पण नायिका तिच्या दरबारातली एक अधिकारी. ताइहू सरोवराच्या परिसरात जमिनी बळकावणाऱ्या बड्या धेंडांना ती चाप लावते आणि छळ सोसून मरते. हा भाग सावकाश वाचा, घाई करू नका. प्रजेची बाजू घेणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न इथे जुन्या काळाच्या आडून विचारलाय, असं मला ठामपणे वाटतं. 1966 साली या नाटकाला ‘विषारी तण’, म्हणजे राजवटीला घातक, ठरवलं गेलं. तियान हान 1968 साली कैदेत असतानाच वारला.

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ नाटकाची नायिका नोराही सोडू नका. 1935 साली शांघायमध्ये ती भूमिका करणारी नटी म्हणजे पुढची च्यांग छिंग, माओची पत्नी. सांस्कृतिक क्रांतीतल्या (1966 ते 1976, माओची राजकीय मोहीम) ‘आदर्श ऑपेरां’वर, म्हणजे सरकारमान्य क्रांतिकारी नाटकांवर, तिचाच वचक होता, ते ऑपेरा त्यानंतर वाचा.