आजोबांसोबतचे पोलिश सैनिक

प्रश्न: आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले, सोबत पोलंडचे लोक होते म्हणायचे. पण पोलंड तर १९३९ लाच पडलं होतं ना? (वाचक, मिरज)

उत्तर: आजोबा बरोबर सांगायचे. रशियाने कैदेत टाकलेले हजारो पोलिश १९४१ मध्ये सुटले, पोलिश जनरल अँडर्स यांनी त्यांची फौज बांधली, ती इराणमार्गे ब्रिटिशांकडे आली आणि १८ मे १९४४ ला इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या पडक्या मठावर झेंडा लावला तो याच पोरांनी! पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या हल्ल्यात पोलिशही होते अन् मराठाही, त्याच दिवशी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवलं. आणि तुमच्या जवळच, कोल्हापूरच्या वळिवड्यात, या पोलिश सैनिकांतल्याच कित्येकांच्या बायका-पोरं छावणीत पत्रांची वाट बघत होती.