जुन्या ट्रकची किरकोळ कामे घरी करावीत का, आणि त्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत?

अवश्य करावीत. आमच्या घरी १९९८ सालची टाटा ४०७ आहे आणि निफाड तालुक्यातील शेतातून लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेण्याचे काम ती अजूनही करते. तिच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसल्यामुळे बिघाड कोठे आहे हे शोधायला संगणक लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळी कांद्याच्या हंगामात, ही गाडी सकाळी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडू लागली. डिझेलमध्ये हवा शिरत असावी अशी मला शंका होती. परंतु मालकाने गाडीखाली शिरू नये, ज्याचे काम त्याने करावे, असे माझ्या थोरल्या भावाचे ठाम मत असल्याने गाडी गॅरेजला गेली. तेथे डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तो सोडत असलेल्या डिझेलचे माप जुळवून घ्यायला, पाठवला गेला, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल बदलली गेली, अकरा दिवस गाडी उभी राहिली आणि अठरा हजारांचे बिल झाले. घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी ती पुन्हा तशीच बंद पडली.

टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमार्गे डिझेल पंपाला पुरवतो तो फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढले जाते. त्या नळीला चीर पडली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत खेचली जाते. म्हणून खाली थेंब दिसला नाही याचा अर्थ नळी धड आहे असा होत नाही. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीत परत उतरते, सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते आणि हवा डिझेल पंपापर्यंत पोहोचताच बंद पडते. मी फीड पंपाला एक पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडले, फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल केला आणि बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारून तो पुन्हा आवळला. इंजिन पाऊण तास अखंड चालले, म्हणजे दोष फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूलाच होता. चासीला घासून रबरी नळी चिरली होती. नवी नळी, दोन क्लिपा आणि तांब्याची वॉशर यांना दोनशे चाळीस रुपये लागले. भाऊ आजही याला नशीब म्हणतो. मला ते मान्य नाही, कारण बारा वर्षे रोज गाडी चालवणाऱ्याला तिचा बदललेला आवाज जितका कळतो, तितका तो पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मिस्त्रीला कळत नाही.

ग्रीसिंग तर कधीच दुसऱ्यावर सोडू नये. पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनच्या निपलमध्ये, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोंडात, गाडीचा भार चाकांवर असताना ग्रीस भरले, तर दाबाखालच्या बाजूला ते नीट पोहोचत नाही; पुढचा ॲक्सल जॅकने उचलून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारावी लागते, आणि घाईत असलेल्या गॅरेजात हे कोणी करताना मी पाहिलेले नाही. फिल्टरच्या तळाचे पाणी काढणे, एअर फिल्टर झटकणे, फॅन बेल्ट तपासणे ही कामे रविवारच्या एका सकाळी होतात. हत्यारांचे म्हणाल, तर पान्यांचा चांगला संच आणि ग्रीस गन यांवर माझी बहुतेक कामे निघतात.

नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र गाडीखाली जाऊ नये. मागच्या चाकांना ती घरंगळू नयेत म्हणून उटी आणि ॲक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे हवेतच. पंपाचे कॅलिब्रेशन घरी होत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम मीसुद्धा जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घेतो. एवढ्यापुरते भावाचे म्हणणे मला पटते, पण त्या वेळीही मी शेजारी उभा राहतो आणि काढलेला प्रत्येक जुना भाग घरी आणतो.