‘नियामक क्षेत्र’ की ‘नियमनक्षेत्र’?

वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट (फोन-संगणकांना वायफाय पुरवणारी उपकरणं) बसवणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तिका लिहिणाऱ्या एकाने विचारलंय: ‘रेग्युलेटरी डोमेन’ला ‘नियामक क्षेत्र’ म्हणावं का? आणि त्यातल्या सेटिंगमध्ये ‘कंट्री’च्या जागी ‘प्रदेश’ चालेल का?

‘नियामक’ म्हणजे नियमन करणारा. विद्युत नियामक आयोग विजेच्या व्यवहारावर नियमन करतो, म्हणून तो नियामक. इथे क्षेत्र कुणावर नियमन करत नाही. एका देशाचे रेडिओचे नियम जिथवर लागू, ते हे क्षेत्र. त्यामुळे ‘नियमनक्षेत्र’ बरोबर. नुसतं ‘क्षेत्र’ मात्र लिहू नका, बसवणारा त्याचा अर्थ ‘रेंज’ असा घेईल.

‘प्रदेश’ला माझा ठाम विरोध आहे. फोनमध्ये ‘भाषा व प्रदेश’ बदलला की तारीख नि चलन दाखवायची पद्धत बदलते, एवढंच लोकांना ठाऊक असतं. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये त्याच जागी कोणते चॅनेल (रेडिओपट्ट्याचे नंबर दिलेले भाग) वापरायचे आणि किती शक्तीने, हे ठरतं. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये भारतात 13 चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत सहसा 11च. इथे 13 नंबरवर लावलेलं वायफाय अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याच्या फोनला कधीकधी दिसतच नाही. मग पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून सरळ ‘देश’ लिहा, आणि लिनक्सवाल्यांसाठी होस्टएपीडीच्या (संगणकाला अ‍ॅक्सेस पॉइंट बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये कंट्री कोड ‘आयएन’ (IN, म्हणजे भारत) ठेवायला सांगा. कोड न दिल्यास लिनक्स बहुधा ‘00’ धरतं, म्हणजे जगात बहुतेक ठिकाणी चालेल असा आखडता हिशोब, आणि मग 5 गिगाहर्ट्झवर अ‍ॅक्सेस पॉइंट सुरूच होत नाही. बसवणारा उगाच वायफाय कार्ड बदलत बसतो.

आता न विचारलेलं, पण पुस्तिकेत हमखास येणारं: ‘लायसन्स-फ्री’. 2018 मध्ये भारताने 5 गिगाहर्ट्झमधले 5150 ते 5350, 5470 ते 5725 आणि 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे असे खुले केले. त्यांना ‘विनापरवाना पट्टे’ म्हणू नका. ‘विनापरवाना बांधकाम’ वाचलं की आपल्याला पालिकेची नोटीस आठवते. परवाना हवा होता, घेतला नाही, असा त्याचा अर्थ होतो. ‘परवानामुक्त’ म्हटलं की परवान्याची गरजच नाही हे कळतं. मात्र परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे, शक्तीची मर्यादा या पट्ट्यांनाही आहे. हे वाक्य पुस्तिकेत ‘देश’ निवडायच्या पायरीलाच घाला, शेवटच्या पानावरच्या सूचनांत नको.