स्विंडनचा सर्कल टाळण्यासाठी घर बघू नकोस

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून अगं-तुगंच करते. डिचोलीहून इथे इंग्लंडमधल्या स्विंडनला नर्सच्या नोकरीवर येते आहेस, सोबत नवरा आणि सात वर्षांची मुलगी. गोव्यात कार चालवतेस, पण इथल्या मॅजिक राउंडअबाउट नावाच्या सर्कलचा व्हिडिओ बघून छातीत धडकी भरली. तो वाटेत लागणार नाही, सगळे साधे सिग्नलचे चौक लागतील, अशा भागात घर घ्यावं का, हा तुझा प्रश्न. मी दोन ओळींत उत्तर देणार होते. पण मुलीचं वय वाचलं आणि राहवेना. आम्ही आलो तेव्हा माझा मुलगाही सातच वर्षांचा होता.

लायसन्सची फी, फॉर्म, परीक्षेची पद्धत हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, तिथेच वाच. तिथे न कळणारी गोष्ट एवढीच की भारतीय लायसन्सवर बारा महिने चालवता येतं या भरवशावर निवांत राहायचं नाही. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात. आल्या आल्या प्रोव्हिजनलचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अर्ज टाक.

आता तो सर्कल. १९७२ मध्ये फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक अभियंत्याने तो आखला. पाच रस्ते एकत्र येतात, प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटा सर्कल, आणि मधल्या बेटाभोवती गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. व्हिडिओ वरून काढलेला असतो म्हणून गरगरायला होतं. गाडीत बसल्यावर तुझ्यापुढे एका वेळी एकच छोटा सर्कल असतो आणि प्रत्येक ठिकाणी नियम तोच: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो पार केला की पुढचा. हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये देशभर लागू झाला. त्याआधी शिरणारे आतल्यांना अडवायचे आणि अख्खा सर्कल तुंबायचा. पणजीला संध्याकाळी दिवजा सर्कलवर अडकली असशील, तर वेगळं सांगायला नको.

इथल्या चालकांची मतं मात्र एक नाहीत. आमच्या ओळखीचा एक गोंयकार बस चालवतो. तो म्हणतो, सिग्नलपेक्षा सर्कल कधीही बरा, गाडी हलत राहते. रात्रपाळी करणाऱ्या नर्सही तुला हेच सांगतील, पहाटे रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यासमोर बसून राहायचं कशाला. गोदामाचा ट्रक चालवणारा आमचा एक स्नेही मात्र छोट्या सर्कलना कंटाळलाय. लांब ट्रक वळवताना शेजारची लेन खावीच लागते आणि कारवाले मध्येच घुसतात. आमच्या शेजारच्या आजी जन्मापासून इथल्या, पण त्या अजूनही लांबचा वळसा घालून जातात. त्यांना दिवा हवा, हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. गर्दीच्या वेळी त्यांचं म्हणणं मला पटतं. एकाच रस्त्याने गाड्यांची रांग लागली की त्यांच्या डावीकडच्या रस्त्यावरच्याला शिरायला फटच मिळत नाही. पायी जाणाऱ्यालाही सिग्नलचा चौकच बरा. लायसन्स मिळेपर्यंत मी मुलाचा हात धरून पावसात रस्ते ओलांडलेत, म्हणून हे सांगते.

तरी माझं मत सर्कलच्या बाजूने आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतात अशा ३२ जागा असतात, एका लेनच्या सर्कलमध्ये फक्त ८. शिवाय तिथे वेग कमी आणि टक्कर झालीच तर तिरकी, म्हणून जीवावर बेतणारे अपघात कमी. आणि सिग्नलचा चौक तुला वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडची लाल दिव्यावर डावीकडे वळायची सवय इथे पूर्ण सोडावी लागते. पिवळ्या जाळीचा चौकोन रंगवलेला असेल तर पुढे जागा असल्याशिवाय त्यात शिरायचं नाही, नाहीतर दंड.

परीक्षेत उजवीकडे गाडी असताना घुसलीस तर चूक, आणि रस्ता मोकळा असताना उगाच थांबून राहिलीस तरी चूक. मला हे फार आवडलं. का, ते सांगते. नवऱ्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, त्या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व मिळवून आम्ही आलो. त्यांच्या जन्माच्या नोंदीत आडनावाचं एक स्पेलिंग, भारतीय पासपोर्टवर दुसरं. ती दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं, शिक्के. इथे आल्यावर बँक म्हणाली पत्त्याचा पुरावा आणा, आणि बिलं सगळी नवऱ्याच्या नावावर. विमा कंपनीने माझ्या गोव्यातल्या गाडी चालवण्याच्या वर्षांना शून्य किंमत दिली आणि नवशिक्या पोरीचा हप्ता लावला. सगळीकडे कुणीतरी हो म्हणेपर्यंत थांबायचं. सर्कलवर कुणी हो म्हणत नाही. उजवीकडे बघायचं, अंदाज घ्यायचा आणि निघायचं. या देशात मी माझ्या मनाने ठरवलेली पहिली गोष्ट ती होती, आणि तेव्हा गाडीत एकटीच होते म्हणून मोठ्याने रडले.

शाळेचं मात्र अजून सलतं. घराजवळच्या शाळेत मुलाच्या वर्गात जागा नव्हती. मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमातून आलेला, गोष्टींची पुस्तकं वाचणारा. त्या शाळेने त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं, का तर तो बोलत नव्हता. बोलणार कसा, त्याच्या उच्चारांना हसत होते. वर्षअखेरीच्या अहवालात 'शांत मुलगा' असं लिहून आलं. माझा मुलगा शांत नव्हता गं, घरी आजीला बोलून बोलून दमवायचा. मी शाळेत जाऊन बाईंशी बोलले, दोनदा चिठ्ठी दिली, टेबल बदललं ते पुढच्या वर्षी. आता तो सतरा वर्षांचा आहे, गाडी शिकतोय, मी शेजारी बसते. परवा त्याला त्या वर्षाबद्दल विचारलं, तर म्हणाला, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही की मला सांगायचं नाही, ते मला कळलं नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंस. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं भरपूर आहेत, मासळी मिळते, चवथीला आरती होते. बास.

तर घराचं. ज्या शाळेत मुलीच्या वर्गात जागा आहे तिच्याजवळ घर बघ, भले रोज मॅजिक राउंडअबाउट पार करावा लागो. वर्ग वयाप्रमाणे ठरतो आणि १ सप्टेंबरची तारीख धरतात, म्हणून आधी तिचा वर्ग नक्की कर, मग कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचार की कुठल्या शाळेत जागा आहे, आणि मगच घरभाड्यावर सही कर. तिच्या शाळेचं प्रगतिपुस्तक आणि तिने इंग्रजीत लिहिलेली एखादी वही सामानात टाक, पहिल्याच भेटीत बाईंच्या हातात दे. सर्कलवर रविवारी सकाळी लवकर जाऊ, त्या वेळी गर्दी नसते. मी शेजारी बसेन, पाचही रस्त्यांनी आत-बाहेर करून घेऊ.