मंत्री चर्चेत ‘हस्तक्षेप’ का करतात?

मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्या नववीच्या मुलांना वर्तमानपत्रांची कात्रणं मोठ्याने वाचायला लावतात. ऑगस्ट २०२३ मधल्या एका कात्रणात वाक्य आलं : ‘विधेयकावरील चर्चेत हस्तक्षेप करताना माहिती तंत्रज्ञानमंत्री म्हणाले…’ वाचणारा मुलगा थांबला आणि म्हणाला, ‘मग अध्यक्ष त्यांना ओरडले नाहीत का?’ वर्ग हसला, पण बाईंना उत्तर सुचेना. शब्द चुकलाय, की मुलाला कळला नाही?

मुलाचा कान शाबूत आहे. मराठीत हस्तक्षेप म्हणजे आपलं काम नसताना हात घालणं. त्याच्या खालच्या पायऱ्या म्हणजे ढवळाढवळ, लुडबूड आणि नाक खुपसणं. हस्तक्षेप हा त्यातला इस्त्रीचा सदरा घातलेला भाऊ, एवढाच फरक. पोलिसांच्या कामात आमदाराने केला तर हस्तक्षेप, शेजारच्या काकूंनी सासू-सुनेच्या भांडणात केली तर लुडबूड. चांगल्या अर्थाने फार तर ‘न्यायालयाने हस्तक्षेप केला म्हणून झाडं वाचली’ असं म्हणतो. पण तिथेही काहीतरी बिघडलेलं असतं, म्हणूनच कुणाला तरी हात घालावा लागतो.

बातमीत हा शब्द येतो तो इंग्रजी ‘इंटरव्हेन्शन’चं बोट धरून. मी काही वर्षं एका दैनिकात भाषांतराच्या टेबलावर काढली आहेत. संध्याकाळी सातनंतर वृत्तसंस्थेचा मजकूर धबधब्यासारखा येतो. ‘इंटरव्हीनिंग इन द डिबेट’ दिसलं की बोटं आपोआप ‘चर्चेत हस्तक्षेप करताना’ असं टंकतात, डोकं त्या वेळी पुढच्या बातमीत असतं. मीही शेकडो वेळा लिहिलं असेल, तेव्हा दगड मारायचा तर पहिला मलाच. त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं ‘मध्ये येणं’ आहे, हात कुठेच नाही. हात आपण घातला.

पण संसदेच्या रिवाजात त्याला नेमका अर्थ आहे. ज्या मंत्र्याचं विधेयक, तो ते विचारार्थ मांडताना सुरुवातीला बोलतो आणि सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी चर्चेला उत्तर देतो. या दोन टोकांच्या मध्ये दुसरा एखादा मंत्री सरकारची बाजू मांडायला उभा राहिला, तर ते ‘इंटरव्हेन्शन’. आता कात्रणातलं वाक्य पुन्हा बघा. विधेयक होतं डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षणाचं (विदा म्हणजे डेटा), मंत्री अश्विनी वैष्णव. विधेयक त्यांचंच! स्वतःच्या घरात शिरणाऱ्याला कुणी घुसखोर म्हणत नाही. तिथे ‘चर्चेला उत्तर देताना’ किंवा ‘विधेयक मांडताना’ यांपैकी जे घडलं ते लिहायला हवं होतं. म्हणजे शब्द मराठीतही चुकला आणि संसदेच्या हिशेबानेही.

गंमत म्हणजे वैष्णव राज्यसभेचे सदस्य, आणि ते विधेयक लोकसभेत ७ ऑगस्टला संमत झालं. दुसऱ्या सभागृहात जाऊन बोलणं हा तरी हस्तक्षेप म्हणायचा का? तोही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार आहे. मत मात्र ज्या सभागृहाचा सदस्य तिथेच. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला तेव्हाचे मंत्री प्रमोद महाजन हेही राज्यसभेचेच होते. आणि २००८ च्या डिसेंबरात याच कायद्याची दुरुस्ती लोकसभेत चर्चेविनाच संमत झाली. चर्चाच नाही तर हस्तक्षेप कुठून होणार! त्याच दुरुस्तीतून इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं कलम ६६ अ आलं, २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली तेव्हा ते आपल्याकडे घरोघरी माहीत झालं, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

माहिती तंत्रज्ञान कायद्यावरच्या बातमीत तर हा शब्द जास्तच जपून वापरावा, कारण वादच मुळी हस्तक्षेपाचा असतो. त्याच्या कलम ६९ खाली सरकारला संदेश मध्येच अडवून वाचता येतात, त्यावर विरोधक बोलणार. मग बातमी अशी होते : ‘सरकार हस्तक्षेप करणार नाही, असे चर्चेत हस्तक्षेप करताना मंत्री म्हणाले.’ हे वाक्य मी रचलंय, पण असली वाक्यं छापून आलेली नसतील अशी पैज मी लावणार नाही.

बाईंना वर्गात सांगायला एक गोष्ट देतो. क्षेप म्हणजे फेकणं, टाकणं. क्षेपणास्त्रातला तोच. विरोधक घेतात तो आक्षेप, टीव्हीवर दिसतं ते थेट प्रक्षेपण, पोथीत मागाहून घुसडलेला श्लोक प्रक्षिप्त, आणि मंत्र्यांनी बोलावं अशी आपली इच्छा असते ते संक्षेपाने. सगळी एकाच धातूची लेकरं.

मग लिहावं काय? दुसरा मंत्री मध्ये बोलला तर ‘सरकारची बाजू मांडताना’. नुसता भाग घेतला तर ‘चर्चेत बोलताना’. कुणाचं भाषण तोडून उभा राहिला तर ‘मध्येच उठून’. त्यात कमीपणा नाही, घडलं तेच आहे. उच्च न्यायालयाच्या बातम्यांत ‘हस्तक्षेप याचिका’ म्हणतात, तिथे काही मराठी वर्तमानपत्रं ‘मध्यस्थी याचिका’ लिहितात. तो तर आणखी घोळ. मध्यस्थ भांडण मिटवायला येतो, आणि ही मंडळी आपलंही म्हणणं ऐका म्हणून आलेली असतात.

जाता जाता : बाईंनी पाठवलेल्या फळ्याच्या फोटोत ‘हस्ताक्षेप’ असं लिहिलंय. त्यातला काना पुसायला हवा. ‘हस्ताक्षर’मध्ये हस्त आणि अक्षर यांचा संधी आहे म्हणून तिथे काना येतो, इथे पुढे ‘क्षेप’ आहे, त्यामुळे संधीला जागाच नाही.